परवा, सकाळी सात

"मॅडम, दोघांचं बुकिंग आहे. एक आलं आणि एक आलंच नाही, तर कुठलं बटण दाबायचं?"

गुरुवारी सकाळी साडेदहाला तळ्यावरच्या बोटवाल्याने फोनवर मला हे विचारलं आणि माझं डोकंच फिरलं. त्या माणसाच्या हातात टॅबलेट देऊन मी त्याला स्वतः शिकवलं होतं, की काका, दोनच बटणं आहेत, एक 'आले', एक 'आले नाहीत', लोक आले की हिरवं दाबा, नाही आले की लाल दाबा, शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आणि आता हा म्हणतो, एक आलं आणि एक आलंच नाही. बरोबर तेच, जे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. या तीन आठवड्यांत माझ्या डोक्यात न आलेली प्रत्येक गोष्ट कुणी ना कुणी शोधून काढली होती आणि फोन करून मला कळवली होती. "परवापासून हे लाल होऊन बसलंय," बोटवाला म्हणाला, "दर अर्ध्या तासाने टुंग टुंग करतं. मी म्हटलं, खोटं कशाला दाबू? आले नाहीत म्हणावं तर एक जण आलेला. आले म्हणावं तर..." मी म्हटलं, "थांबा काका. फोन ठेवू नका. बघते." आणि कानाला फोन लावून यादी उघडायला घेतली. ती उघडायला नेहमीसारखा वेळ लागला, तेवढ्यात माझा राग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

'दोन ओळी टाका आणि तुमच्या वेबसाइटवर बुकिंग सुरू करा!' असं, ज्या आयत्या कोडवर मी हे सगळं उभं केलं, त्या लायब्ररीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, वर उद्गारचिन्ह. आमच्या मालकांनी ते वाचलं आणि तळ्याच्या कंपनीला आठवड्यात काम देतो म्हणून सांगून टाकलं. त्यांचं काय जातं? बोलाचीच कढी. कंपनीचं काम तसं साधं होतं. तळ्याच्या काठावर बोटी आहेत, चढायची एक खोटी भिंत आहे, मातीची भांडी करायला दोन चाकं आहेत, आणि लोकांनी घरबसल्या यातलं काय हवं ते, हव्या त्या वेळेला राखून ठेवायचं. जावास्क्रिप्टमध्ये हे सगळं कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं आहे, ते आणायचं आणि आपल्या पानात बसवायचं. बसवायचं! बुटात पाय बसतो तसं. पहिल्या दिवशी भिंतीवर उणे एक जागा शिल्लक दाखवायला लागलं. दुसऱ्या दिवशी एकच चाक दोघांना दिलं. एकाने जागा धरली, पैसे भरताना त्याचा विचार बदलला, तर ती जागा दहा मिनिटांनी सुटायला हवी, ती सुटेचना, तशीच अडकून राहिली. मालक माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "अजून? दोन ओळींचंच तर आहे." एकदा मी म्हटलं, "मग तुम्हीच टाका ना दोन ओळी." त्यांना तो विनोद वाटला. मी हे सगळं तपासायला माझ्या कॉम्प्युटरची तारीख पुढे न्यायची, मागे आणायची, फोनचीही तशीच. कधी सोमवारी बसून शुक्रवार बघायचा, कधी गेला महिना. घरी जाताना रस्त्यात एखाद्या दुकानाला कुलूप दिसलं, तर आज सुट्टीचा वार आहे की काय, असं स्वतःलाच विचारावं लागायचं, आणि खरं सांगते, उत्तर यायला वेळ लागायचा.

बाबांना मी सांगितलं होतं, की सध्या एका लायब्ररीने माझ्या नाकी नऊ आणलेत. ते म्हणाले, "मग परत करून टाक. तारीख कधीची आहे?" मला हसू आलं आणि रागही आला. म्हटलं, "बाबा, पुस्तकांची नाही हो. दुसऱ्यांनी लिहिलेलं आयतं काम. आपण नुसतं वापरायचं." "फुकट?" "फुकट." "मग कुरकुर कशाची करतेस?" असे आमचे बाबा. एकतीस वर्षं पाणीखात्यात होते. त्याच तळ्याची पातळी मोजायचं काम. रोज सकाळी सात वाजता खात्याची बोट काढायची, वल्हवत मधल्या खांबापर्यंत जायचं, खांबावरच्या खुणा वाचायच्या आणि वहीत आधी तारीख, मग वार, मग आकडा. आकडा चुकला तरी चालेल, ते म्हणायचे, दुसऱ्या दिवशी कळतं. तारीख चुकली तर आकड्याला काही अर्थ नाही. रविवारी मला बरोबर न्यायचे. मी त्यांच्यासमोर फळीवर बसायची, तोंड त्यांच्याकडे, पाठ खांबाकडे, आणि खांब किती लांब राहिला हे मला फक्त त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं. परत येताना वल्ही माझ्या हातात द्यायचे. मी आठ वर्षांची असेन, वल्हं माझ्यापेक्षा मोठं. बोट गोल गोल फिरायची आणि ते काही म्हणायचे नाहीत. वहीवर हात ठेवून बसायचे, पाणी लागू नये म्हणून.

आता त्यांचा उजवा खांदा गेला. झिजला, असं डॉक्टर म्हणतात. येत्या सोमवारी ऑपरेशन, रविवारी संध्याकाळी दाखल व्हायचं. खांदा बदलल्यावर दुखायचं थांबेल, शर्ट स्वतःचा स्वतः घालता येईल, पण वल्हं हातात धरायचं नाही, कधीच नाही, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. कारण बाबांनी दोनदा विचारलं. दवाखान्याच्या जिन्यावरून उतरताना ते म्हणाले, "त्याच्या आधी एकदा जाऊन येऊ या का तळ्यावर? तू आणि मी. खांबापर्यंत." एवढंच. आमच्या बाबांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही, चहासुद्धा 'करणार असशील तर' असा मागतात. मी म्हटलं, "का नाही? आणि बुकिंग माझ्याच वेबसाइटवरून करू, ऐटीत." गेल्या रविवारी दुपारी मी ऑफिसातच होते, वेबसाइट नुकतीच सुरू झाली होती, खोट्या नावांनी शंभर बुकिंगं केली होती, त्यातच हे एक खरं केलं. दोघांची बोट, माझं नाव, बाबांचं नाव, सकाळी सात. तारखेच्या चौकोनावर बोट दाबलं तेव्हा मालक मागे उभे राहून काहीतरी विचारत होते. यादीत ओळ आली: 'परवा, सकाळी ७. बोट. दोन जण.' लगेच बाबांना फोन केला, "परवा सातला. मी परस्पर तळ्यावरच येते." ते म्हणाले, "सातला. बरं."

तो 'परवा' माझाच. त्या लायब्ररीत भाषेची एक फाइल असते. डावीकडे आकडे, उजवीकडे आपण शब्द भरायचे. शून्य म्हणजे आज, एक म्हणजे उद्या, उणे एक म्हणजे काल. दोनच्या पुढे मी लिहिलं परवा. उणे दोनच्या पुढेही लिहिलं परवा. दोन मिनिटांत भरून टाकलं आणि वर मनात म्हटलं, बघा, एका शब्दात दोन्हीकडचं काम. तीनच्या पुढे तेरवा लिहावं का, असंही क्षणभर आलं होतं, पण म्हटलं आता तेरवा म्हणतंय कोण, सोडून दिलं. तीन आठवड्यांत बिनतक्रार झालेलं ते एकच काम. आणि आज गुरुवारी सकाळी, ऑफिसला आल्या आल्या, मला एकदम धस्स झालं होतं, की तळ्यावर जायचं राहिलं तर नाही ना? सोमवार, मंगळवार, बुधवार मी त्या उणे एकच्या भिंतीला डोकं आपटत होते, यादी उघडून पाहिलीच नव्हती. उघडली. 'परवा, सकाळी ७. बोट. दोन जण.' हुश्श केलं. आहे अजून. आज गुरुवार, परवा शनिवार, रविवारी दाखल. अगदी वेळेत बसतंय. चहा आणला आणि पहिला घोट घेतला, तेवढ्यात बोटवाल्याचा फोन आला.

"सापडलं का?" कानात बोटवाला विचारत होता. मी म्हटलं, "काका, कुठल्या दिवसाचं? वार सांगा." "मंगळवारचं. सातचं. एक आजोबा आले होते, पावणेसातलाच. मुलगी येतेय म्हणाले. बसले, वाट बघत होते. साडेसात झाले. म्हटलं, आजोबा, दोघांच्या बोटीत एकट्याला सोडता येत नाही हो, नियम आहे. तर म्हणाले, नियम बरोबर आहे. म्हणाले, बांधलेली असू दे, मी नुसता बसू का? आता त्यांच्या नावावर तासभर बोट होती, मी कोण नाही म्हणणारा? बसले. वल्ही मारत होते हो, मॅडम. बांधलेल्या बोटीत. सावकाश, खांद्याला हात लावून लावून. आठ वाजले तसे उतरले, तरंगायचं जाकीट घडी करून ठेवलं, आणि मला म्हणाले, पाणी दीड हात उतरलंय, नाही?" समोर बोटवाल्याची यादी उघडली होती. मंगळवार, सकाळी ७. लाल. माझं नाव, खाली बाबांचं. मी हळूच माझी स्वतःची यादी शेजारी उघडली. 'परवा, सकाळी ७.' दोन्ही ओळी एकच होत्या.

कपाळ माझं. फोन तपासला. मंगळवारी मी फोनची तारीख पाच दिवस पुढे नेऊन ठेवली होती, आवाज बंद होता, आणि घरी गाढ झोपले होते. सहा त्रेपन्नला बाबांचा फोन. सात एकवीसला दुसरा. दोन्ही वेळेला माझ्या फोनने रविवार दाखवला असणार. दुपारी ते बघून मी विचारलं होतं, फोन केला होतात का? आणि त्यांचं उत्तर तिथेच होतं, एका शब्दाचं: 'सहज.' सहज! मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. लायब्ररीचा, मालकांचा, त्या उद्गारचिन्हाचा, आणि सगळ्यांत जास्त बाबांचा. ओरडायचं होतंत ना माझ्यावर! काल संध्याकाळी दवाखान्याच्या कागदांसाठी फोन झाला तेव्हा मी तोंड वर करून विचारलं होतं, "तळ्याचं लक्षात आहे ना?" आणि हा माणूस मला म्हणाला, "आहे ना." लक्षात आहे ना! आई असती तर तिने पहिल्याच दिवशी पकडलं असतं. तिला कुणी नुसतं परवा म्हटलेलं खपायचं नाही. "परवा म्हणजे कुठला गं? गेलेला की येणारा?" आम्ही हसायचो. अगं आई, कळतं की! परवा गेलो, परवा जाऊ, मागे क्रियापद असतं, त्यावरून शेंबड्या पोरालाही कळतं. आणि मी काय केलं होतं? क्रियापदच काढून टाकलं होतं. यादीत नुसता परवा, उघडाबोडका, ना गेलो ना जाऊ. भाषा आपली, फाइल आपली, शब्द आपण लिहिला, आणि फसलो आपणच. दुसऱ्या कुणाला नाव ठेवायलाही जागा नाही.

बोटवाला अजून फोनवरच होता. "मग काय दाबू?" मी म्हटलं, "काका, सध्या काही दाबू नका. शुक्रवार-शनिवारी जागा आहे का बघते." पण बघायचं काय, मलाच पाठ होतं. नवी नवलाई, सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत सगळ्या बोटी भरलेल्या, रविवारच्याही. कालच मालकांनी तो आकडा बघून माझ्या पाठीवर थाप मारली होती. आता त्या सगळ्या भरलेल्या चौकोनांकडे बघून मला वाटलं, मूर्खासारखं इतकं नीट कशाला करून ठेवलं आपण? मग हात आपोआप दुसऱ्या फाइलकडे गेला. तिथे लिहिलं होतं, बोटी: सहा. त्याचं सात करायचं, बस, एक आकडा. शनिवारी सातला एक जागा रिकामी होईल, मी ती घेईन. मी सात लिहिलंसुद्धा. मग दिसलं, की शनिवारी सातला सात जोड्या काठावर उभ्या राहणार आणि बोटी सहाच असणार. कुणाची तरी कुणाबरोबर जायची बोट मी घेणार. बाबांना कळलं तर ते बसणारही नाहीत बोटीत. मी सात खोडून परत सहा केलं. बोटवाल्याला म्हटलं, "काका, मंगळवारी जी मुलगी आली नाही ना, ती मी."

पलीकडे टॅबलेट खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "अरेच्चा! ते आजोबा तुमचे होय?" आणि लगेच, "मग त्यात यंत्रात काय बघताय? त्यातलं बुकिंग सातला जागं होतं. मी पावणेसहाला बोटींतलं पाणी उपसायला येतो. सातच्या आधी तळ्याला कुणी विचारत नाही. शनिवारी या." मी म्हटलं, "पण नियम आहे, यादीत नाव नसेल तर बोट सोडायची नाही. मीच घालून दिलाय." "नाव आहे की," तो म्हणाला, "परवापासून लाल होऊन बसलंय."

मालकांना सांगून अर्ध्या दिवसात उठले. त्यांनी विचारलं, काय झालं, बंद पडलं का? म्हटलं, नाही, फार छान चाललंय. बाबांकडे गेले. ते खुर्चीत बसले होते. दाखल व्हायची पिशवी आत्तापासून भरून दाराशी ठेवलेली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मंगळवारला पेन्सिलीने गोल, आत बारीक अक्षरात 'सात'. त्यांनी हात पुढे केला तेव्हा तळव्यावर चिकटपट्टी दिसली. "हे काय?" "काही नाही. फोड आला होता. सवय गेली ना." मी तिथेच जमिनीवर बसले. म्हटलं, "बाबा, मला कळलंय." ते म्हणाले, "काय?" म्हटलं, "बोटवाल्याचा फोन आला होता." ते पट्टीची सुटलेली कड अंगठ्याने दाबत राहिले. मी म्हटलं, "तुम्ही मला सांगायचं ना! बोलायचं! मी काय परकी आहे का? काल विचारलं तरी आहे ना म्हणालात!" "लक्षात आहे का विचारलंस," ते म्हणाले, "लक्षात होतंच. आणि तू कामात होतीस. तुला उगाच लागून राहिलं असतं." "आता लागलं नाही वाटतं?" "आता काय, आता बोटवाल्याने सांगितलं. मी नाही." मग माझी समजूत काढल्यासारखं म्हणाले, "पण तुझी वेबसाइट छान झालीय हं. त्याच्या टॅबलेटवर माझं नाव आलं होतं. पूर्ण नाव." मला रडू आवरेना. ते नेहमीसारखे अवघडले आणि म्हणाले, "चहा करणार असशील तर..." मी म्हटलं, "करते. आणि शनिवारी जायचंय. शनिवार म्हणतेय मी, कळलं का? तारीख सांगू?" "परवा," ते म्हणाले. "परवा नाही! शनिवार!" मी घरभर ऐकू जाईल एवढ्याने ओरडले. बाबांनी हसत पेन्सिल माझ्या हातात दिली.

शनिवारी मी आदल्या दिवसापासूनच त्यांच्याकडे होते. रिक्षाने पावणेसहाला काठावर उतरलो. पाण्यावर अजून नीट उजाडलं नव्हतं. बोटवाला डब्याने पाणी उपसत होता. त्याने आम्हाला बघितलं, डबा ठेवला, हात शर्टाला पुसले आणि खुंटीवरचा टॅबलेट काढला. "मंगळवारचे दोघं," तो म्हणाला, "आले," आणि हिरवं बटण दाबलं. चार दिवसांनी ते टुंग टुंग थांबलं. बाबांनी जाकिटाचे बंद मला बांधू दिले, त्यांचा हात वर जात नव्हता. बोटीत बसल्यावर मात्र वल्ह्यांकडे बघितलं, आपल्या तळव्याकडे बघितलं, आणि समोरच्या फळीवर, मी बसायची तसे जाऊन बसले. "जाताना तू घे," म्हणाले, "येताना मी. झेपेल तेवढं." मी वल्ही धरली. माझी पाठ खांबाकडे, तोंड त्यांच्याकडे. तीस वर्षांनी धरत होते. म्हटलं, आता गोल फिरवायची नाही, सरळ न्यायची, आणि अंगातला तीन आठवड्यांचा सगळा राग काढून जोरात मारलं. एकदा, दोनदा, पाचदा. पाणी उडालं, बाबा गुडघ्यापर्यंत भिजले. बोट तसूभरही हलली नाही. आणखी जोर लावला. दंड भरून आले. खांब किती लांब राहिला म्हणून बाबांच्या चेहऱ्याकडे बघितलं, तर ते ओठ दाबून माझ्या मागे कुठेतरी बघत होते.

"काय?" मी वैतागून विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "परवा मीसुद्धा अर्धा तास असंच केलं. आधी दोरी सोड."